साचा आणि सारथी

बंगळूरच्या दक्षिणेस कनकपुरा रस्त्यालगत बनशंकरीचे जे देवालय आहे ते १९१५ सालचे. देवीचे मूळ पीठ बदामीनजीकचे, आणि त्या पीठाला कुलस्वामिनी मानणारी घराणी देशावर आणि सीमाभागात आजही इतकी आहेत, की नोकरीधंद्यानिमित्त या शहरात आलेल्या मराठी माणसाला देवालयाच्या नावाने प्रसिद्ध झालेली ही वसाहत पहिल्या दिवसापासून फारशी परकी वाटत नाही. याच वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्यात आमचे बिऱ्हाड आहे. देवालयात राहुकाळी लिंबाच्या सालींचे दिवे लावण्यासाठी स्त्रियांची रीघ लागलेली असते अशा एका शुक्रवारी, माझ्या भाच्याने परदेशातून मागवलेली एक पेटी आमच्या दाराशी येऊन पोहोचली. पेटी कोरी करकरीत होती, परंतु तिच्यावरील चित्र चाळीस वर्षांपूर्वीचे. आणि आत निघाले ते पुढे निमुळते होत गेलेल्या तोंडाचे, पाठीवर तोफ वाहणारे, साखळीपट्ट्यांचे एक काळेभोर लढाऊ वाहन, व त्याच्यासोबत लाल गणवेशातील वीतभराहूनही लहान असा त्याचा चालक.

भाच्याचे वय आज चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. हे वाहन त्याला बालपणी कधीच मिळाले नव्हते. मिळाले होते ते सुट्टे शिपाई, आणि तेही गोव्यात तयार झालेले. ते शिपाई माळ्यावरच्या एका पत्र्याच्या डब्यात होते. डबा उतरवून उघडला तेव्हा असे दिसले की बहुतेकांचे धड निराळे आणि पाय निराळे झाले आहेत. मी खेदाने काही बोलणार तोच भाचा म्हणाला, "मामा, हे मोडले नाहीत. यांचा रबर गेलाय."

त्या एका वाक्याने मला विचारात पाडले. एखादी वस्तू काळाच्या ओघात नाहीशी होते आणि चार दशकांनी हुबेहूब पुन्हा अवतरते, तेव्हा तिच्यातील नेमके काय टिकून राहिलेले असते? पुस्तकाची नवी आवृत्ती निघते तेव्हा शब्द टिकलेले असतात, कागद नवा असतो. खेळण्याच्या पुनरावृत्तीत शब्दाची जागा कोण घेतो? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास अमेरिकेतील एका कारखान्यापासून प्रवरेच्या काठापर्यंत जावे लागते.

आरंभ १९६४ सालापासून करू. त्या वर्षी हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने 'जी. आय. जो' नावाचा, सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा, एकवीस हलत्या अवयवांचा सैनिक बाजारात आणला. 'जी. आय.' ही अक्षरे मुळात सैन्याच्या कोठीतील जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी वस्तूंच्या यादीत लिहिली जात. पुढे त्यांचा अर्थ 'सरकारी पुरवठा' असा लावला जाऊ लागला, आणि अखेर सरकारी कपडे व सरकारी बूट घालणारा सामान्य शिपाईच त्या अक्षरांनी ओळखला जाऊ लागला. कंपनीपुढील खरी अडचण मात्र निराळी होती. कपडे बदलता येणारी मनुष्याकृती म्हणजे बाहुली, आणि बाहुली मुलग्यासाठी कोणता बाप विकत घेणार? तेव्हा बाहुली हा शब्द दप्तरातून कटाक्षाने खारीज करण्यात आला आणि त्याच्या जागी 'अ‍ॅक्शन फिगर' हा नवा शब्द घडवण्यात आला, जो आज साऱ्या जगाच्या तोंडी आहे. आपल्या भाषेत बाहुलीला बाहुला हा जोडीदार पूर्वापार आहे आणि भातुकलीतल्या लग्नात तो मुंडावळ्या बांधून उभा राहत आलेला आहे. त्यामुळे ही पंचाईत आपल्याकडे इतकी तीव्रतेने कोणाला जाणवली असती असे मला वाटत नाही. याच सैनिकाच्या उजव्या अंगठ्याचे नख चुकून आतल्या बाजूस कोरले गेले होते. ही चूक कंपनीने दुरुस्त केली नाही, उलट जपली. कारण कोणी नक्कल केली तर नखासकट करील आणि तेवढ्यावरून पकडला जाईल.

हा मोठा सैनिक १९७६ पर्यंत टिकला. १९७३ च्या तेलसंकटानंतर प्लास्टिक महागले होते, आणि तीस सेंटिमीटरच्या मूर्तीला प्लास्टिक फार लागते. मध्यंतरी १९७८ साली केनर या दुसऱ्या कंपनीने 'स्टार वॉर्स' चित्रपटातील पात्रे अवघ्या पावणेचार इंचांच्या, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरच्या आकारात काढली, आणि खेळण्यांच्या इतिहासाला वळण देणारा एक साधा हिशेब सर्वांच्या ध्यानात आला. तीस सेंटिमीटरचा सैनिक खऱ्या माणसाच्या सहाव्या हिश्शाएवढा असतो. त्याच्या मापाची जीप करायची तर ती अर्ध्या मीटरहून लांब होईल, आणि साध्या घरात ती ठेवण्यास जागाही मिळणार नाही. पावणेचार इंचांचा सैनिक अठराव्या हिश्शाएवढा असतो. लांबी तिसऱ्या हिश्शावर येते तेव्हा घनफळ सत्ताविसाव्या हिश्शावर येते. म्हणजे जितक्या द्रव्यात पूर्वी एक जीप झाली असती तितक्यात आता जीपगाड्यांचा ताफा उभा करता येतो. वाहन हे खेळण्याचे केंद्र बनले ते या घनफळाच्या गणिताने.

१९८२ साली हॅस्ब्रोने आपला सैनिक याच लहान मापात पुन्हा आणला आणि पहिल्या वर्षापासून त्याला वाहने दिली. त्यांतील 'व्हॅम्प' नावाची जीप लँबोर्गिनी कंपनीच्या 'चीता' या गाडीशी विलक्षण सादृश्य राखते. ती खरी गाडी १९७७ साली अमेरिकन सैन्याला विकण्याच्या आशेने तयार झाली होती आणि सैन्याने ती घेतली नाही. जी गाडी रणांगणावर कधी उतरली नाही, ती या रूपाने असंख्य घरांच्या जमिनीवर धावली. दुसऱ्या वर्षी, १९८३ मध्ये, शत्रुपक्षाचे 'हिस' हे काळे वाहन आले, ज्याची पुनरावृत्ती आमच्या दाराशी आली होती.

या योजनेतील एक खुबी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सामान्य सैनिक पुठ्ठ्यावर लावून सुटे विकले जात. परंतु वाहनाचा चालक वाहनाबरोबरच मिळे, सुटा मिळत नसे. प्रत्येक पुठ्ठ्याच्या आणि पेटीच्या मागे कातरून काढण्याजोगा एक कागद छापलेला असे, आणि त्यावर त्या व्यक्तीचा जणू सैन्यदप्तरातून उतरवून घेतलेला तपशील असे: सांकेतिक नाव, खरे नाव, हुद्दा, जन्मगाव, कोणत्या कामात वाकबगार, स्वभाव कसा. हे मजकूर बहुतांशी लॅरी हामा या लेखकाने लिहिले, जो मार्व्हल कंपनीच्या 'जी. आय. जो' या चित्रकथाही लिहीत असे. 'व्हॅम्प'चा चालक 'क्लच' हा न्यू जर्सीतील अ‍ॅस्बरी पार्क या गावचा, असे त्याच्या कागदावर नमूद आहे. प्लास्टिकच्या तुकड्याला गाव मिळाले की तो तुकडा राहत नाही. हे ज्याने ओळखले त्याला मुलांचे मन खरोखर कळले होते असे मी म्हणेन.

आता साच्याकडे वळू, कारण माझ्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. प्लास्टिकचे खेळणे ज्या रीतीने होते ती थोडक्यात अशी: पोलादाचे दोन ठोकळे एकमेकांवर नेमके बसतील असे घडवतात आणि त्यांच्या आतील अंगास हव्या त्या आकाराची पोकळी कोरतात, प्लास्टिकचे दाणे रंगद्रव्यासह तापवून पातळ करतात आणि प्रचंड दाबाखाली त्या पोकळीत घुसवतात, क्षणात ते थिजते, ठोकळे विलग होतात, तुकडा बाहेर पडतो. दोन ठोकळ्यांचा सांधा जेथे येतो तेथे तुकड्यावर केसाएवढी रेघ उमटते, आणि शिपायाच्या दंडावरून बोट फिरवले तर ती आजही हाताला लागते. खर्च सारा साच्यात असतो. एकदा साचा झाला की त्यातून लक्षावधी तुकडे निघू शकतात, आणि शेवटच्या तुकड्याचे मूल्य प्लास्टिकच्या चिमूटभर दाण्यांहून फारसे जास्त नसते. म्हणून अशा धंद्यात खरी इस्टेट म्हणजे साचा. खेळणी विकली जातात, मोडतात, हरवतात. साचा कुलुपात राहतो.

आणि साचा प्रवासही करतो. अमेरिकेत एखाद्या सैनिकाची मागणी ओसरली की हॅस्ब्रो त्याचा साचा दुसऱ्या देशातील कारखानदाराकडे करारनाम्याने पाठवी. ब्राझील व अर्जेंटिना येथे असे साचे गेले, आणि यथाकाल ते हिंदुस्थानातही आले. येथे त्यांना आश्रय दिला तो १९८७ साली एम. आर. एफ. व हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून निघालेल्या 'फनस्कूल' कंपनीने, जिचा कारखाना गोव्यात उभा राहिला. त्या काळी तयार उपभोग्य मालाच्या आयातीवर सरकारचे कडक निर्बंध होते. परवान्यावाचून परकी माल बंदरात उतरत नसे, आणि हे निर्बंध पूर्णपणे उठले ते १ एप्रिल २००१ रोजी. वस्तू येऊ शकत नव्हती, पण साचा येऊ शकत होता. त्यामुळे जो सैनिक आमच्या भाच्याच्या हाती पडला तो जन्माने अमेरिकन असला तरी देहाने गोमंतकीय होता.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. एम. आर. एफ. ही आज टायरांची कंपनी म्हणून सर्वश्रुत आहे. परंतु के. एम. मम्मेन माप्पिल्लै यांनी १९४६ साली मद्रासजवळील तिरुवोट्टियूर येथे तिची मुहूर्तमेढ रोवली ती टायरांसाठी नव्हे, तर मुलांच्या फुग्यांसाठी. फुग्यांपासून निघालेला हा धंदा टायरांच्या वाटेने जाऊन चाळीस वर्षांनी पुन्हा मुलांच्या खेळण्यांपाशी आला, आणि ज्या शिपायांचे धड व पाय रबराच्या एका कडीने जोडलेले असतात तेच शिपाई रबराच्या कंपनीच्या छायेखाली तयार झाले.

गोव्याच्या शिपायांचे रंग कधीकधी मूळ अमेरिकन शिपायांहून फार वेगळे निघत. साचा तोच असल्याने नाक, कमरपट्टा, खिसे यांत तसूभर फरक नसे, परंतु प्लास्टिकच्या दाण्यांत कोणते रंगद्रव्य मिसळायचे हे जागच्या कारखान्यावर अवलंबून होते. आणि खाकी सैनिक कधी भडक निळा, कधी पिवळाधमक होऊन बाहेर पडे. १९९४ साली अमेरिकेत ही मालिका बंद पडली, तरी गोव्याचा कारखाना पुढे कित्येक वर्षे ते शिपाई काढत राहिला, आणि मोठे झालेले अमेरिकन संग्राहक पत्रव्यवहार करून ते हिंदुस्थानातून मागवू लागले. त्यांच्या लेखी जो रंग प्रथम चूक वाटला तोच पुढे दुर्मीळ ठरला. माझ्या दृष्टीने यात नवल नाही. आकार साच्याचा असतो आणि रंग मुलुखाचा. मुलुखाची खूण ज्यात उमटली आहे ते अधिक हवेसे वाटावे हे स्वाभाविक आहे.

हॅस्ब्रोने १९९७ साली जुने साचे पुन्हा काढून ही मालिका काही काळ चालवली, तेव्हा एकाचे धड आणि दुसऱ्याचे पाय अशी सरमिसळही त्यांना करावी लागली. साच्यांच्या संसारात पुनर्जन्म हा असा असतो: सगळे अवयव एकाच वेळी जागेवर असतीलच असे नाही.

परंतु साचा ही काही मानवी कारागिरीची एकमेव वाट नाही. आपल्या महाराष्ट्रातच, अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यातील प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे, १९७४ साली झुडपाचे मूळ खणताना गावातील एका माणसास चार ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. त्यांतील एक रथ आहे. त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, रुंदी १६ सेंटिमीटर. दोन बैल जोखडाला जुंपलेले, आणि रथात उभा असलेला सारथी १६ सेंटिमीटर उंच. इतर तीन मूर्ती हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या असून त्यांनाही चाकांची योजना केलेली आहे. हत्तीची चाके मात्र नाहीशी झाली आहेत. चारही मूर्तींचे वजन मिळून ६० किलोंहून अधिक भरते, यावरून त्या मुलांची खेळणी नसून मिरवणुकीच्या अथवा पूजेच्या वस्तू असाव्यात हे उघड आहे. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी त्या उत्तर हडप्पा काळातील मानल्या. दुसरीकडे धर्मपाल अग्रवाल यांनी धातूतील आर्सेनिकचे एक टक्क्याहून अधिक प्रमाण दाखवून त्या काळाविषयी शंका घेतली. काळाचा तो वाद बाजूस ठेवला तरी वाहन आणि त्याचा मनुष्य ही जोडी आपल्या भूमीत किती जुनी आहे याचे याहून भव्य उदाहरण मला ठाऊक नाही.

या मूर्ती ज्या पद्धतीने ओतल्या गेल्या तिच्यात प्रथम मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर मातीचे थर देतात, तापवून मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. रस थिजला की मातीचे कवच फोडून मूर्ती बाहेर काढावी लागते. म्हणजे साचा मूर्तीच्या जन्माबरोबरच नाहीसा होतो. दायमाबादच्या रथाची दुसरी आवृत्ती त्याच साच्यातून निघणे त्याच दिवशी अशक्य झाले होते. पोलादी साच्याची खेळणी पुनःपुन्हा येतात म्हणून त्यांतील एकाचेही मोल वाटत नाही, आणि मेणाच्या साच्याची वस्तू पुन्हा येऊच शकत नाही म्हणून ती अमोल ठरते, असा ढोबळ निष्कर्ष येथे काढण्याचा मोह होतो. भाच्याच्या पत्र्याच्या डब्याकडे पाहिल्यावर तो मला पुरता खरा वाटत नाही. त्या शिपायांसारखे आणखी हजारो निघाले असतील, पण त्यांच्या दंडावर त्याच्या बालपणीच्या शाईचे जे डाग आहेत ते एकाच साच्यातून एकदाच निघाले.

तिसरीही एक वाट आहे, जिच्यात साचा असतच नाही. बंगळूरहून म्हैसूरच्या रस्त्याने सुमारे ६० किलोमीटरवर चन्नपट्टण लागते. तेथील कारागीर आले मर या झाडाचे, ज्याला आपण काळा कुडा म्हणतो त्याचे, पांढरे मऊ लाकूड चरकावर फिरवतात आणि रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते आणि मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. त्या झिलईत ना सांध्याची रेघ दिसते, ना कुंचल्याचा ओरखडा. आमच्या सावंतवाडीच्या चितार आळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी होतात, तीही हाताने. अशा खेळण्याची पुनरावृत्ती निघते ती कारागिराच्या बोटांतून. बाप मुलाला साचा देत नाही, अंदाज देतो. म्हणून सावंतवाडीचा कारागीर धंदा सोडतो तेव्हा जे बुडते ते कुठल्याही कुलुपात ठेवलेले नसते.

आणि सारथ्याचे काय? नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लहान मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून दोरीने ओढत नेतात. १८०६ साली दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तो सुरू केला अशी परंपरा आहे. त्या लाकडी बैलाला सारथी कधीच नसतो, कारण दोरी ज्याच्या हातात आहे तोच सारथी. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त, ज्याला देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले, चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आपली मातीची गाडी नको म्हणून रडतो, आणि वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाडीत भरते; त्या गाडीतही चालक नाही. मूल स्वतः गाडीपेक्षा मोठे असते तोवर त्याला चालकाची गरज नसते. पावणेचार इंचांच्या शिपायाने मात्र मुलाला गाडीच्या आत बसण्याची सोय करून दिली, आपल्या जागी दुसऱ्याला बसवून. म्हणून वाहन हरवले तर मूल हळहळते, पण चालक हरवला तर वाहन सुने पडते. आणि लहान असल्यामुळे आधी हरवतो तो चालकच. जुन्या बाजारात चालकाविना वाहने पुष्कळ मिळतात. हॅस्ब्रोने २०२० नंतर आपल्या 'रेट्रो' मालिकेत जुन्या चित्राच्या पेटीत 'हिस'ला त्याच्या लाल चालकासह एकत्र आणले, ही गोष्ट संग्राहकांना इतकी मोलाची का वाटली हे यावरून कळावे.

या मालिकेतील नवे शिपाई पाहताना एक भेद ध्यानात येतो. बाह्य रूप १९८० च्या दशकाचे राखले आहे, पण सांधे नव्या पद्धतीचे आहेत; कमरेतील रबराची कडी त्यांत नाही. जुन्या शिपायाची रचना अशी असे: कमरेच्या तुकड्याला धातूचा आकडा, धडाच्या आत स्क्रूच्या खुंटीभोवती रबराची कडी, आणि त्या ताणावर वरचा व खालचा देह एकत्र धरलेला. त्यामुळे शिपाई कमरेत वळू शकत असे, पाय फाकून बसू शकत असे. रबर हवेतील प्राणवायूने हळूहळू ठिसूळ होतो, वीस-पंचवीस वर्षांत तुटतो, आणि देह दोन ठिकाणी होतो. पोलादी साच्यातून निघालेले सारे टिकते; जाते ते त्याला जोडून ठेवणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्यासोबत आमच्या भागातल्या नळसामानाच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर वायसर, कड्या आणि नळाच्या चाव्या यांचे डबे मांडले. भाच्याने आपल्या खिशातून शिपायाचे धड काढून त्याच्या पोकळीशी एकेक कडी ताडून पाहिली, आणि नळाच्या दांड्यात बसणारी एक लहानशी काळी कडी पसंत केली. दुकानदाराने ती कशासाठी हवी आहे असे कन्नडमध्ये विचारले. भाच्याने धड त्याच्या हातात दिले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले, खाली गोव्याचे नाव वाचले, आणि दुसरी, किंचित जाड कडी काढून म्हणाला, ही घ्या, ही जास्त दिवस जाईल.

घरी येऊन भाच्याने लहान पेचकसाने धडाचा स्क्रू सोडवला, कडी आकड्यात अडकवली, वरचा तुकडा बसवला, आणि शिपाई तीस वर्षांनी कमरेत वळला. तो कोणत्या पक्षाचा होता हे त्याला आता आठवत नव्हते. रंगावरूनही काही सांगता येईना, कारण तो रंग मूळ शिपायाचा नव्हता. त्याने नव्या वाहनाच्या लाल चालकाला पुढे राहू दिले आणि याला मागे, तोफेच्या बैठकीत बसवले. नव्या चालकापेक्षा याचे गुडघे थोडे जास्त वर येत होते, पण तो बसला.